बीटल्सच्या गाड्या आणि मालकांची बखर

गेल्या महिन्यात आमच्या विभागातील चर्चासत्रात एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने ‘बीटल्स आणि त्यांची वाहने’ या विषयावर निबंध वाचला. मराठीच्या वर्गात हा विषय कशाला, असा भाव काही सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. मला तो आक्षेप मान्य नाही. ज्या चौघांच्या गाण्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील तरुणांची भाषा घडवली, त्यांच्या गाड्यांचा विचार साहित्याच्या विद्यार्थ्याने अवश्य करावा. निबंधामागे मेहनतही होती. प्रत्येक गाडीचा नोंदणी क्रमांक, रंग, खरेदीचे साल, पुढे ती कोणाकडे गेली आणि लिलावात काय भाव आला, हे सारे तक्त्यांत मांडलेले होते. शेवटचा आकडा ऐकून टाळ्या पडल्या.

मी मात्र चिडलो. मुलावर चिडण्याचे कारण नव्हते, कारण त्याला जे वाचायला मिळाले ते त्याने इमानाने वाचले होते. या विषयावरचे लेखन बहुतांशी असेच आहे. त्याला इतिहास म्हणतात, पण ती आहे मालकांची बखर. पालखीत कोण बसले, पालखीला झालर कसली होती, पुढे ती कोणत्या वाड्यात गेली, याची साद्यंत हकीकत तीत असते; भोई मात्र कोणत्याच पानावर नसतात. आणि वाहन म्हणजे ज्याने माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो ते, ही साधी गोष्टही या बखरीत हरवून जाते.

सर्वांत गाजलेली गाडी आधी घेऊ. जॉन लेननची रोल्स-रॉइस फँटम ५ त्याला जून १९६५ मध्ये मिळाली तेव्हा ती काळी होती. त्याने तिच्या काचाही काळ्या करून घेतल्या. मागची बैठक उघडून पलंग करता येई. टेलिव्हिजन, लहान फ्रिज, तबकडी वाजवायचे यंत्र, टेलिफोन अशा सोयी पुढे तिच्यात आल्या. १९६७ च्या वसंतात तिला पिवळा रंग देऊन त्यावर फुले, वेलबुट्टी आणि राशीचक्र काढण्यात आले. एका म्हाताऱ्या बाईने लंडनच्या रस्त्यात तिच्यावर छत्री उगारल्याची कथा प्रत्येक पुस्तकात असते, आमच्या विद्यार्थ्याच्या निबंधातही होती. १९७७ साली लेननने ती करसवलतीच्या बदल्यात न्यूयॉर्कच्या कूपर-ह्यूइट संग्रहालयाला दिली. २९ जून १९८५ रोजी सदबीजच्या लिलावात दोन-तीन लाख डॉलरचा अंदाज असताना ती २२,९९,००० डॉलरला गेली, कॅनडाचे उद्योगपती जिम पॅटिसन यांनी ती घेतली, आणि आज ती ब्रिटिश कोलंबियाच्या शासकीय संग्रहालयाच्या मालकीची आहे.

या हकिकतीत चूक काही नाही. पण रंगवलेल्या गाडीला ‘सायकेडेलिक’ हे विशेषण लावले की पुढचा विचार थांबतो, ही माझी तक्रार आहे. लेननच्या घरी जिप्सींची एक जुनी, रंगीत चाकांवरची झोपडी होती. गाडीवरची वेलबुट्टी त्या परंपरेतून आलेली आहे: इंग्लंडातले रोमनी लोक आपल्या घोडागाड्या अशा रंगवत, जत्रेतल्या गाड्या आणि कालव्यांतल्या मालवाहू नावाही याच थाटाच्या असत. म्हणजे ज्यांना गाडी हेच घर, अशा भटक्या माणसांची ती लोककला. ती चढली कशावर, तर ब्रिटिश अभिजनांच्या सर्वोच्च वाहनावर. म्हातारीची छत्री खरी असो वा रचलेली, तिला बोचले असेल ते हे. रंग देण्याचे काम सरे परगण्यातील चर्टसी येथील जे. पी. फॅलन या गाड्या बांधणाऱ्या कारखान्यात झाले. तिथल्या स्टीव्ह वीव्हर या कारागिराने हाताने कुंचला चालवला. तक्त्यात नोंदणी क्रमांक आहे, वीव्हर नाही.

रोलाँ बार्थचा नव्या सिट्रोएनवरचा निबंध आपण सगळे उद्धृत करतो. ‘मायथॉलॉजीज’ हे पुस्तक १९५७ चे. मोटारगाडी म्हणजे आपल्या काळाचे गॉथिक कॅथीड्रल, हे त्यातले विधान आपल्याकडे दर चर्चासत्रात एकदा तरी येतेच. त्याच वाक्यात बार्थने कॅथीड्रल बांधणाऱ्या अनाम कलावंतांचा उल्लेख केलेला आहे, हे मात्र आपण सोडून देतो. उद्धृत करतानासुद्धा आपण मालकाच्या बाजूने कापतो!

अॅबी रोडच्या फोक्सवॅगनचे उदाहरण तर आपल्या व्यवसायाला आरसा दाखवणारे आहे. ८ ऑगस्ट १९६९ रोजी छायाचित्रकार इयन मॅकमिलन शिडीवर उभा राहिला, पोलिसाने रहदारी थोपवली आणि दहाएक मिनिटांत सहा छायाचित्रे निघाली. डावीकडे पदपथाला लागून एक पांढरी ‘बीटल’ उभी होती. ती तिथे राहणाऱ्या कोणाची तरी होती, चित्रासाठी आणलेली नव्हती. ऑक्टोबरात पॉल मॅकार्टनी वारल्याची अफवा अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या परिसरात पसरली आणि तिच्या नंबरप्लेटवरच्या ‘२८१एफ’ मधला एक हा इंग्रजी अक्षर ठरवून, ‘जर जगता तर २८ चा असता’ असा अर्थ काढला गेला. पॉलचा जन्म १८ जून १९४२ चा. म्हणजे तो तेव्हा २७ वर्षांचा होता. पण अर्थ काढणाऱ्यांना वजाबाकी आड येत नाही. सुतावरून स्वर्ग गाठायचाच ठरवल्यावर सूत किती लांब आहे हे कोण पाहतो? त्या प्लेटवरचे ‘एफ’ हे अक्षर गाडीची नोंदणी १९६७ च्या ऑगस्टपासूनच्या वर्षातली एवढेच सांगते. प्लेटी चोरीला जात राहिल्या. १९८६ साली ती गाडी २,५३० पौंडांना विकली गेली, आणि पुढे जर्मनीत वोल्फ्सबुर्गला फोक्सवॅगनच्या संग्रहालयात जाऊन बसली.

याच चित्रात उजव्या बाजूला पोलिसांची एक काळी व्हॅन उभी आहे. तिच्याबद्दल कोणी प्रबंध लिहिलेला मला माहीत नाही. चिन्हमीमांसा शिकवणाऱ्यांनी (मीही त्यात आलो) एवढे तरी पाहावे की, चिन्ह कोणते आणि निव्वळ उभी गाडी कोणती, हे आपण आधी ठरवतो आणि मग चित्राकडे वळतो.

आता तक्त्यात नसलेल्या गाड्यांकडे येतो, कारण माझ्या मते या विषयाचा जीव तिथे आहे.

ऑगस्ट १९६० मध्ये लिव्हरपूलहून एक ऑस्टिन व्हॅन हॅम्बुर्गकडे निघाली. व्हॅन होती अॅलन विल्यम्स या क्लबचालकाची. आत जॉन, पॉल, जॉर्ज, स्टुअर्ट सटक्लिफ, पीट बेस्ट. शिवाय विल्यम्स, त्याची पत्नी बेरिल, तिचा भाऊ आणि लॉर्ड वुडबाइन. वाद्ये होतीच. हार्विच बंदरात ती क्रेनने उचलून जहाजावर चढवली, तो क्षण छायाचित्रात टिकला आहे. हॉलंडमध्ये आर्नहेमला दुसऱ्या महायुद्धातील मृतांच्या स्मारकापाशी सगळे उतरले आणि एक गटचित्र निघाले. लेनन उतरलाच नाही, गाडीत बसून राहिला. त्या चित्रात वुडबाइन मात्र उभा आहे.

हा लॉर्ड वुडबाइन म्हणजे त्रिनिदादचा हॅरल्ड फिलिप्स. १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ या जहाजाने इंग्लंडात आलेला, कॅलिप्सो गाणारा, लिव्हरपूलमध्ये क्लब चालवणारा, स्टीलच्या पिंपांच्या बँडमध्ये वाजवणारा. त्याच्या वाद्यवृंदातले लोक याआधी हॅम्बुर्गला पोचले होते, आणि तिकडे इंग्लिश पोरांना काम मिळते ही खबर विल्यम्सच्या कानावर येण्यात त्यांचा हात होता. म्हणजे बीटल्सना हॅम्बुर्गची वाट कॅरिबियन माणसांनी दाखवली. बहुतेक पुस्तकांत तो एका ओळीत येतो आणि जातो. त्या व्हॅनचा इतिहास कोणी नीट लिहिला असता तर ब्रिटिश रॉक संगीताच्या जन्मकथेत वसाहतीतून आलेली माणसे पहिल्या प्रकरणात आली असती. रोल्स-रॉइसच्या इतिहासात ती येणे शक्यच नाही.

दुसरी व्हॅन १९६१ ची. नील अॅस्पिनॉल हिशेबनिसाचे काम शिकत होता. त्याने ८० पौंडांना एक जुनी कॉमर व्हॅन घेतली आणि कार्यक्रमांना नेण्या-आणण्याचे तो प्रत्येकाकडून पाच शिलिंग घेऊ लागला. थोड्याच दिवसांत त्याने हिशेबाचे शिक्षण सोडून दिले. गाडी चालवणे, अॅम्प्लिफायर उचलणे, ते लावणे, रात्री पुन्हा भरणे, पहाटे परतणे. हाच माणूस पुढे ‘अॅपल’ या बीटल्सच्या कंपनीचा प्रमुख झाला आणि २००७ पर्यंत त्या पदावर होता. चाळीसेक वर्षांच्या त्या कारभाराची सुरुवात पाच शिलिंगांच्या भाड्यात आहे.

आणि जानेवारी १९६३ ची ती रात्र. नील तापाने आजारी होता म्हणून माल इव्हान्स गाडी चालवत होता. माल तेव्हा पोस्टखात्यात टेलिफोन अभियंता होता आणि कॅव्हर्न क्लबच्या दारावर उभा राही. लंडनहून लिव्हरपूलला परतताना पुढच्या काचेवर खडा बसला, काच तडकून पांढरी झाली. मालने ती ठोसा मारून बाहेर पाडली आणि कडाक्याच्या थंडीत, धुक्यात, उघड्या तोंडाने जवळजवळ दोनशे मैल गाडी चालवली. मागे चौघे ऊब मिळावी म्हणून एकमेकांवर आडवे पडले होते. सर्वांत वरचा गारठला की त्याने खाली जायचे, सोबत व्हिस्कीची बाटली. ही गोष्ट नंतर चौघांनीही हसत सांगितली आणि चौघांच्या मैत्रीचे प्रतीक म्हणून ती पुन्हा पुन्हा छापली जाते. प्रतीक खरे आहे. पण त्या रात्री त्या गाडीत पाच जण होते, आणि पाचव्याला ऊब घ्यायला कोणाच्या खाली जाण्याची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी गाडीला नवी काच बसलेली होती. तीही मालनेच बसवून आणली.

दोन वर्षांत चित्र पालटले. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर पंचावन्न हजारांहून अधिक प्रेक्षक होते. बीटल्सना तिथे वेल्स फार्गोच्या चिलखती गाडीतून आणले. बँकेची रोकड वाहणारी गाडी. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवरच्या शेवटच्या कार्यक्रमातही चिलखती गाडीच होती. १९६४ च्या ‘अ हार्ड डेज नाइट’ या चित्रपटातला म्हातारा कुरकुरत सांगतो की, देखावे बघायला निघालो आणि गाडी नि खोली, खोली नि गाडी एवढेच पाहिले. लोकांनी तो विनोद म्हणून घेतला. लेननच्या गाडीच्या काळ्या काचा या ओळीत ठेवून पाहा. ज्या माणसांसाठी गाडी म्हणजे गावाबाहेर पडण्याचे साधन होते, त्यांच्यासाठी ती पाच वर्षांत लपण्याची जागा झाली, आणि १९६६ मध्ये त्यांनी दौरे बंद केले. हे गाड्यांवरूनच दिसते. दुर्दैवाने लिलावाच्या पुस्तिकेत ‘काळ्या काचा’ हे फक्त गाडीचे वैशिष्ट्य असते.

यावर सहकारी काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण चर्चासत्रानंतर चहाच्या वेळी ते म्हणालेच. किंमत हाही इतिहास आहे. संग्राहक नसते तर ती रोल्स भंगारात गेली असती. नोंदणी क्रमांकामुळे तारखा पक्क्या होतात. तिन्ही मुद्दे मान्य. नंबरप्लेटवरची अफवा मी वर खोडली ती नोंदणीच्याच आधारे. माझे म्हणणे इतकेच की, किंमत लिहिताना ती कशाची आहे हेही लिहावे. १९८५ साली जे विकले गेले त्यात लेननच्या पाच वर्षांपूर्वीच्या खुनाचा वाटा किती, हा प्रश्नसुद्धा आमच्या विद्यार्थ्याच्या निबंधात नव्हता. आकडा आकाशातून पडल्यासारखा आला होता.

१९६७ च्या बसबाबत वेगळाच घोटाळा आहे. ‘मॅजिकल मिस्टरी टूर’साठी बेडफर्ड बनावटीची, पुढे चार आणि मागे दोन चाके असलेली पिवळी-निळी बस ११ सप्टेंबर रोजी लंडनहून निघाली. हिचा संबंध अमेरिकन कादंबरीकार केन किझी आणि त्याच्या साथीदारांनी १९६४ मध्ये देशभर फिरवलेल्या रंगीत बसशी जोडण्याची रीत आहे. संबंध आहेच. पण ‘मिस्टरी टूर’ ही चीज इंग्लंडातल्या कामगार वस्त्यांना चांगली ठाऊक होती: सुटीच्या दिवशी सगळी आळी बसमध्ये बसायची, कुठे जायचे ते ड्रायव्हरलाच माहीत, आणि बस शेवटी बहुधा समुद्रकिनाऱ्यावर पोचायची. लिव्हरपूलची पोरे अशा सहलींत वाढली. चित्रपटात जाड मावशी आहे, बसमधले समूहगान आहे, वाटेतली बीअर आहे. हे सारे किझीकडून आलेले नाही. तरी अभ्यासकांना किझी सोयीचा, कारण त्याच्यावर पुस्तके आहेत. आळीच्या सहलीवर कोण पुस्तक लिहितो? पुस्तकाचा संदर्भ पुस्तकाशीच लावण्याची ही खोड आपल्याही समीक्षेला आहे. कवितेतली प्रतिमा फ्रान्समधून आली की चर्चा होते, आजीच्या ओवीतून आली की तळटीपसुद्धा मिळत नाही.

दुसऱ्याच दिवशी, १२ सप्टेंबरला, डेव्हन परगण्यातल्या एका अरुंद पुलावर ती बस अडकली. मागे गाड्यांची रांग लागली, अर्धाएक मैल बस उलटी घ्यावी लागली, आणि संतापलेल्या लेननने बसवरची जाहिरातीची पत्रके ओरबाडून काढली. तो चित्रपट बीबीसीने २६ डिसेंबरला दाखवला, तोही कृष्णधवल, समीक्षकांनी झोडपला. पुलावर अडकलेल्या त्या बसच्या स्टिअरिंगवर जो बसला होता त्याची त्या अर्ध्या मैलातली अवस्था कल्पून पाहावी.

भारताचा संबंध येतो तो दोन गाड्यांतून. जॉर्ज हॅरिसनच्या मिनीवर १९६७ साली तंत्रमार्गातल्या आकृती रंगवल्या गेल्या. त्या अजित मुखर्जी यांच्या तंत्रकलेवरील पुस्तकातून घेतलेल्या होत्या. गाडीची माहिती देताना ‘भारतीय गूढ चिन्हे’ एवढे म्हणून लेखक मोकळे होतात, मुखर्जींचे नाव बाद. दुसरी गाडी एप्रिल १९६८ ची. महर्षी महेश योगींच्या ऋषीकेशच्या आश्रमातून जॉन आणि जॉर्ज रागाने निघाले, टॅक्सीने दिल्लीकडे. सिंथिया लेननच्या आठवणींनुसार टॅक्सी वाटेत बंद पडली आणि त्यांना रस्त्याच्या कडेला ताटकळावे लागले. महर्षींचा शाप तर नव्हे, अशी शंका मंडळींना आल्याचे नोंदलेले आहे. लेननच्या मनात त्या प्रवासात एक चिडलेले गाणेही तयार होत होते, त्याबद्दल पानेच्या पाने लिहिली गेली. टॅक्सीवाला मात्र मी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात ‘ड्रायव्हर’ आहे. त्याची टॅक्सी रस्त्यात बसली, त्या दिवसाचे भाडे, टायर, उशीर, हे त्याच्या बाजूने काय असेल? शाप कोणाला लागला म्हणायचा?

बीटल्सना स्वतःला हे कळत नव्हते असे नाही. १९६५ च्या ‘ड्राइव्ह माय कार’ या गाण्यात तारका होऊ पाहणारी मुलगी मुलाला आपला ड्रायव्हर नेमू पाहते आणि शेवटी कळते की तिच्याकडे गाडीच नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत लेनन वाहनचालकाची परीक्षा उत्तीर्ण झाला होता, जूनमध्ये रोल्स आली होती, आणि २६ ऑक्टोबरला चौघे त्या काळ्या रोल्समधून बकिंगहॅम राजवाड्यावर एमबीईचे पदक घ्यायला गेले. २५ नोव्हेंबर १९६९ रोजी लेननने ते पदक बियाफ्रा आणि व्हिएतनाम युद्धांच्या निषेधार्थ परत केले, सोबतच्या पत्रात आपले एक गाणे लोकप्रियतेच्या यादीत घसरत असल्याचाही टोमणा जोडून. साठच्या दशकातल्या निषेधाच्या प्रसंगांत हा फार वरचा मानतात. पदक घेताना तो स्वतः गेला होता. परत करायला राजवाड्याच्या दाराशी गेला त्याचा शोफर, लेस अँथनी.

शेवटची गाडी लेननने स्वतः चालवली, म्हणून तिचा उल्लेख करणे न्यायाचे आहे. तो वाईट चालक होता, नजरही अधू. १ जुलै १९६९ रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेत गोल्स्पीजवळ त्याने ऑस्टिन मॅक्सी रस्त्याकडेच्या खड्ड्यात घातली. सोबत योको आणि दोघांची दोन मुले होती. त्याला १७ टाके पडले, रुग्णालयात काही दिवस काढावे लागले. चेपलेली मॅक्सी त्याने पुढे टिटनहर्स्ट पार्क या आपल्या घरी आणवली आणि बागेत चौथऱ्यावर ठेवली.

विद्यार्थ्याने निबंध छापायला देण्यापूर्वी माझ्याकडे आणला तेव्हा मी तक्त्यात एक रकाना वाढवायला सांगितला: ‘चालक’. आठवड्याने तो आला. मॅक्सीसमोर लेननचे नाव होते, रोल्ससमोर अँथनीचे, १९६३ च्या व्हॅनसमोर माल इव्हान्सचे. ऋषीकेशची टॅक्सी त्याने तक्त्यात नव्याने घातली होती आणि तिचा रकाना रिकामा होता. तिथे निदान ‘अज्ञात’ लिहू का, असे त्याने विचारले. नको म्हटले, तसाच छाप.